चकवा हलेना

ऐका आता. आणि दाराकडे पाठ करून कुणी बसू नका, मागाहून मला बोल लावाल.

आपल्या कोंडवलीच्या वरची लेणी मापायला नेत्रा घोसाळकर आली होती, त्या साली घडलेलं हे. मापायची म्हणजे टेप धरून नव्हे. तिच्याकडे तिपाईवर बसवायचं लेझरचं यंत्र. ते मुंडी गरागरा फिरवतं, न दिसणारा उजेड फेकतं आणि दगडाची चीर न् चीर टिपून घेतं. त्याला दिवसाउजेडाची गरजच नाही. तिथंच तर घोटाळा झाला.

आतल्या खोलीचं छत तडकलेलं. सकाळी तिथं लोखंडी टेकू लागणार, आणि भिंतीवर कोरलेली नाचणारी बाई कायमची झाकली जाणार. तेवढीच भिंत टिपायची राहिलेली, अन् जोडीदार रफीक तापानं फणफणलेला. नेत्रा म्हणाली, "मी एकटी जाते." अंधार पडल्यावर, बरं का. पाठीवर यंत्र घेतलं आणि निघाली.

करवंदीच्या जाळीपाशी वाट वळते ना, तिथं ती वळली. चालली, चालली, आणि बघते तर पुढं तीच जाळी. पुन्हा चालली. पुन्हा जाळी. तुम्हाला कळलं, मला कळलं, चकवा लागला. पण तिला वाटलं, आपणच वेंधळ्या. मग दरीच्या बाजूनं रफीकचा आवाज, "नेत्राताई, इकडून या, जवळ पडतं." तिकडं पाऊल टाकलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण रफीक तिला कधी ताई म्हणायचा नाही, नुसतं नेत्रा म्हणायचा. तिनं ओळखलं, हा रफीक नव्हे. वाट सोडून झाडोऱ्यातून पळत सुटली, ती थेट लेण्यात.

तिनं लगेच यंत्र लावलं. मुंडी फिरायला लागली. आणि खांबाआडून तो चकवा स्वतःच निघाला. उंच, काळा, पावलं उलटी. आता यंत्राच्या अन् भिंतीच्या मधे शिरणार. मधे कुणी हललं की चित्रात धुरकट पट्टा उमटतो, त्याला ही मापणारी मंडळी भूतच म्हणतात. सगळी रात्र फुकट गेली असती. नेत्रा भीती विसरली आणि रोजच्या सवयीनं खेकसली, "हलू नकोस रे! भूत येतं."

तो थबकला. "कुठून येतं?"

आवाज कापत होता हो त्याचा.

नेत्राच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हललास की आलंच समज. मी 'झालं' म्हणेपर्यंत तिथंच खांबाला चिकटून राहा."

तो चिकटला. यंत्र फिरून थांबलं. तिनं गुपचूप ते उचललं आणि जीव मुठीत धरून खाली आली.

सकाळी चित्र उघडलं. भिंत स्वच्छ, नाचणाऱ्या बाईच्या पैंजणाचा मणी न् मणी दिसतोय. नेत्राला रडूच आलं आनंदानं. आणि कडेला खांबाशी तो, डोळे गच्च मिटून, अंग चोरून. रफीक म्हणाला, "इतका शहाणा माणूस कुठून आणलास? माझ्यानं एवढं स्थिर राहवत नाही."

म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर तोंड मिटून जा. पळायच्या घाईत ती 'झालं' म्हणायचं विसरली, तो अजून उभाच आहे. तुमच्यातल्या एखाद्या बडबड्याच्या तोंडून ते निघायचं, आणि सुटायचा की तो.