ताटावर आडवा धरलेला हात

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या गावच्या सरपंच माननीय निशिगंधाताई; व्यासपीठावर विराजमान असलेले कारखान्याचे प्रमुख माननीय सागर साहेब; पुण्याच्या कार्यालयातून वाकडी वाट करून आलेल्या माननीय डिंपल मॅडम; डोणगावहून आलेले, उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग सांभाळलेले आदरणीय जानरावजी आणि त्यांच्या पत्नी चांगुणाताई; आज जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती यांची लेक, आपल्या उत्सवमूर्ती धम्मशीला मॅडम; आणि समोर बसलेल्या माझ्या माता-भगिनींनो आणि बांधवांनो, सर्वांना राम राम, जय भीम, जय जिजाऊ.

या सभागृहाच्या मागे, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत बसलेल्या मंजुळाबाईंनाही माझा नमस्कार. त्या व्यासपीठावर नाहीत, पण आजचा कार्यक्रम पार पडणार की नाही हे त्यांच्याच हातात आहे. मी रंगराव. वांगी, टमाटे, मिरच्या पिकवतो. पंचायतीचा माजी सदस्य आहे. पण गावात माझी खरी ओळख मंजुळाबाईंचा नवरा अशीच आहे, आणि मी ती निमूटपणे मान्य केलेली आहे.

डिंपल मॅडम पुण्याच्या, म्हणून आज शुद्ध बोलायचं असं घरून ठरवून आलो आहे. मध्येच घसरलो तर तो आमच्या मातीचा गुण समजावा.

आता सुरुवातीलाच एक फजिती सांगतो. धम्मशीला मॅडम कारखान्याच्या पर्यावरण अधिकारी. त्यांनी आमच्या पर्यावरणाचं इतकं भलं केलं, म्हणून आम्ही वेशीवर त्यांच्या फोटोचं भलंमोठं फ्लेक्स लावलं. 'पर्यावरणाच्या रक्षणकर्त्या!' काल संध्याकाळी मॅडमनं ते पाहिलं. म्हणाल्या, "रंगराव काका, हे प्लास्टिक माह्या नावानं जाळसान का पुरसान?" उतरवलं बिचारं. म्हणून आज मागे हा धोतरावर रंगवलेला बॅनर आहे. धोतर माझं आहे. नवीन आहे, काळजी नसावी.

मित्रहो, आपल्या शेजारी सूत रंगवण्याचा जो कारखाना आहे, त्याची मूळ कंपनी परदेशातली. तिचं नाव घेताना माझी कवळी निसटते, म्हणून आपण सारे तिला रंगवाली कंपनी म्हणतो. तर या कंपनीनं ठरवलं की रंगकामाचं पाणी शुद्ध करायचं आणि नाल्यात सोडण्याऐवजी पाइप टाकून शेतकऱ्यांना द्यायचं. चांगली गोष्ट होती. पहिली पाइप माझ्या वावरात आली. वांगी अशी लागली की झाडं वाकली. कंपनीनं मंजुळाबाईंचा फोटो काढला. डोक्यावर पदर, हातात वांगं. तो जगभर वाटायच्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा फोटो माझ्याबरोबर कधी निघाला नाही.

मग परदेशातले मोठे पाहुणे पाहणीला येणार असं कळलं. मंजुळाबाई म्हणाल्या, पाहुणे वावरात येतील आणि उपाशी जातील काय? थंडीचे दिवस होते. रोडगे, वरण आणि त्याच पाण्यावरच्या वांग्यांची भाजी असा बेत ठरला. लिंबाच्या झाडाखाली पंगत बसली. ती उंचीपुरी परदेशी बाई मांडी घालता घालता दोनदा कलंडली, पण बसली. तेव्हाचे कारखान्याचे साहेब, म्हणजे सागर साहेबांच्या आधीचे, त्यांना मात्र नेमका तेव्हाच उपवास निघाला. वार बुधवार. कोणत्या देवाचा, ते आम्ही अजून शोधतो आहोत.

मॅडम तेव्हा नोकरीला नव्या होत्या. पंगतीच्या टोकाला बसलेल्या. मंजुळाबाई रोडगा कुस्करून, त्यावर तूप सोडून, भाजीची पळी घेऊन पुढे झाल्या, आणि मॅडमनं ताटावर हात आडवा धरला.

"काकू, मले भाजी नका वाढू. अन् कोणालेच नका वाढू."

आपल्याकडे ताटावर हात धरणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. या गावात एकेकाळी कोण कुणाच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतं, हेही इथल्या जाणत्यांना माहीत आहे. तो नियम कुणी केला होता आणि तो कुणी सोसला, तेही माहीत आहे. तो मोडून पंगत एक व्हायला फार वर्षं लागली. आणि त्या दिवशी ही पोरगी आमच्याच पंगतीत ताटावर हात धरते! मंजुळाबाईंचा चेहरा पडला. पळी हातातच राहिली.

त्या म्हणाल्या, "काऊन बाई? आमच्या घरचं चालत नाही काय तुले?"

मॅडम उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "तुमच्या घरचं चालते काकू. आमच्या कंपनीचं पाणी चालत नाही."

आणि मग तेच इंग्रजीत पाहुण्यांना सांगितलं. माल लवकर पाठवायचा म्हणून शुद्धीकरणाच्या यंत्राला वळसा देऊन पाणी सरळ पाइपात सोडलं जात होतं. मॅडमना ते त्याच सकाळी सापडलं होतं. साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, पाहुणे जाऊ द्या, मग पाहू. पण त्याआधी भाजी पोटात जाणार होती ना! साहेबांच्या उपवासाचा देव तेव्हा आम्हाला दिसला.

तुम्हाला वाटेल, मी लगेच मॅडमचा सत्कार केला असेल. छे! मी आरडाओरडा केला. "बाई, तू माह्यं वाटोळं केलं!" म्हणालो. भर पंगतीत माझ्या वांग्यांना नावं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी खामगावच्या बाजारात माझ्या आधी बातमी पोचली होती. टोपली उघडली की लोक विचारत, "रंगराव, हे रंगीत पाण्यावाले का?" सगळं उभं पीक उपटून टाकावं लागलं. कंपनीनं त्याची भरपाई दिली, हे सांगितलंच पाहिजे. पाइप बंद झाली, यंत्र नीट झालं, ते साहेबही बदलून गेले. पण जाता जाता मॅडमवर ठपका ठेवून गेले. कंपनीची जगात बदनामी केली म्हणून चौकशी लागली. नोकरी जाते की राहते, अशी वेळ आली.

जानरावजी, तुम्ही तेव्हा इथं आला होतात. आमच्या ओट्यावर बसून म्हणालात, "पोरीनं खरं बोलायले नको होतं काय?"  उत्तर मंजुळाबाईंनी दिलं. तुमच्यासमोर चहा ठेवला, पदर खोचला, आणि महिला बचत गटाच्या साऱ्या बायांना घेऊन कारखान्याच्या गेटवर जाऊन बसल्या. जिच्या पळीपुढे पोरीनं हात आडवा धरला होता तीच बाई, बरं का!

गेटवर त्या म्हणाल्या, "तुमची पाइप पुन्हा चालू करायची आहे ना? करा. पण पाणी चांगलं आहे हे ते पोरगी सांगल तवाच आमी घेऊ. तुमच्या फोटोवर आमचा भरोसा नाही. तिच्या हातावर आहे."

आता सांगा, कंपनी काय करणार? जगभरातल्या कारखान्यांत पाण्याची वाहवा व्हायची, तर ते पाणी घेणारं कुणीतरी पाहिजे. आणि घेणाऱ्यांचा विश्वास फक्त एका माणसावर. साहेब लोकांनी हिशोब केला आणि चौकशी गुंडाळली. सागर साहेब, तुम्ही आल्यापासून त्या यंत्राला एकदाही वळसा दिला गेला नाही, हे मी मुद्दाम सर्वांसमोर सांगतो. तुम्ही उपवासही करत नाही, हे आम्ही पाहून ठेवलं आहे.

पाइप पुन्हा सुरू झाली. पण मॅडम मोठ्या हट्टी. दर महिन्याला बाटल्या घेऊन वावरात यायच्या. पाणी तपासायला पाठवायच्या, माती पाठवायच्या, वांगीसुद्धा पाठवायच्या. सगळीकडून पास. मी पुन्हा बाजारात ताठ मानेनं टोपली उघडू लागलो. आमच्या घरी मॅडम चहा घेत, पिठलं-भाकर खात, मंजुळाबाईंच्या हातचा ठेचा खाऊन नाक पुसत. पण वांगं म्हटलं की हात आडवा. मंजुळाबाई चिडायच्या, "अवं, सारं गाव खाते, तुले काय झालं?"

मॅडम म्हणायच्या, "काकू, गाव माह्या भरोशावर खाते. मी कोणाच्या भरोशावर खाऊ? या वावरावरून दोन-चार पावसाळे-उन्हाळे नीट जाऊ द्या. माही खात्री होईल त्या दिवशी मी मागून खाईन."

मागून खाईन! आमच्या घरात हा शब्द म्हण होऊन बसला. सून नवी साडी नको म्हणाली, तरी मंजुळाबाई म्हणतात, "राहू दे, मागून नेसशील."

मोठमोठ्या कंपन्या जबाबदारी, पर्यावरण असं पुष्कळ बोलतात. बोलावंच. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण आपण पिकवायला दिलेल्या पाण्याची भाजी आपल्या ताटात घ्यायची वेळ आली की हात कुठं जातो, तेवढं मी पाहतो. आता हीच आपली पोरगी कंपनीच्या देशोदेशींच्या कारखान्यांचं पाणी तपासायला चालली आहे. चांगुणाताई, रडू नका. तिथल्या साहेबांनी रडावं.

आणि आता शेवटचं. परवा सकाळी घरचा फोन वाजला. मंजुळाबाईंनी घेतला. ऐकता ऐकता त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं, काही वाईट झालं. धावत गेलो. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, "धम्मशीला होती. म्हणते, काकू, निरोपाच्या जेवणाले भाजी कायची करता? तुमच्याच वावरातली वांगी करा. मले पायजे."

मॅडम, काकूनं वांगी पहाटे स्वतः तोडली आहेत. मला हात लावू दिला नाही.

सरपंचताई, मला बोलायची संधी दिलीत, आयोजकांनी मला आवरलं नाही आणि तुम्ही सर्वांनी पोटात भूक असताना ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. भाषणात तिखट-मीठ कमी-जास्त पडलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर घरचा माणूस समजून माफ करा. आता पंगत बसेल. पहिलं ताट मॅडमचं. त्यांनी घास घेईपर्यंत कुणीही भाजीला हात लावायचा नाही. हा नियम आमच्या वावरात त्यांनीच घालून दिला आहे.

राम राम. जय भीम.