पिवळ्या रकान्यातले मार्क

(एप्रिलचा शेवटचा शनिवार, दुपार. ओहायोतल्या एका घराचं स्वयंपाकघर. टेबलाशी भाऊ-बहीण.)

आयडेल : आणि तक्त्याच्या या पिवळ्या रकान्यात काय भरलंयस?

व्हर्लिन : अभ्यास किती कडक आहे ते. दहापैकी मार्क.

आयडेल : कॉलेजांना मार्क? नळाच्या तोट्या विकणाऱ्या माणसाने?

व्हर्लिन : चौदा महिने बसलोय मी यावर. एकोणीस कॉलेजं. एका वर्गात मुलं किती, त्यातली पुढे शिकायला किती जातात, सगळं काढलंय. शेजारचा रकाना म्हणजे नुसत्या हुशारीवर फीत किती सूट देतात तो.

आयडेल : मोठ्या नावांपुढे भोपळेच दिसतायत.

व्हर्लिन : त्यांच्याकडे सगळेच हुशार, ते कशाला सूट देतील? देतात ती गरजूंना. आणि आपण गरजू नाही म्हणे. सरकारी फॉर्म म्हणतो, मी वर्षाला एक्केचाळीस हजार डॉलर भरू शकतो.

आयडेल : त्या फॉर्मला तुझं गळकं छप्पर दाखव एकदा.

व्हर्लिन : म्हणून मधली शोधायची. शिकवतात कडक, पण चांगली पोरं मिळावीत म्हणून पैसे सोडतात. अशी दोनच हाती लागली. केस्टर्टनने वर्षाला सत्तावीस हजार सोडले. व्हिटलोने प्रवेश दिला, सूट शून्य. ते आपल्याला झेपणारं नाही.

आयडेल : आणि तुझ्या लेकीला, मेरनला, व्हिटलोच हवंय.

व्हर्लिन : भूगर्भशास्त्र. तिथला दगडांचा संग्रह बघून आली तेव्हापासून दुसरं बोलत नव्हती. हल्ली तेही बोलत नाही. गुरुवारपर्यंत कळवायचंय.

आयडेल : मला एक कोडं सुटत नाही. तिच्या वर्गातल्या त्या दातांच्या डॉक्टरच्या पोराला व्हिटलोने चाळीस हजार दिले. मार्क आपल्या मेरनपेक्षा कमी. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली मी, असले कागद माझ्याच हातून जायचे. फाईल दे इकडे.

व्हर्लिन : विस्कटू नकोस. नीट लावलीय.

आयडेल : तू नीट लावतोस म्हणून तर सापडतं. ही बघ, अर्ज पोचल्याची पावती. नऊ डिसेंबर.

व्हर्लिन : मुदत पंधरा जानेवारीची होती. महिनाभर आधी दिला.

आयडेल : पंधरा जानेवारी प्रवेशासाठी. शिष्यवृत्ती हवी असेल तर अर्ज एक डिसेंबरच्या आत. त्यांच्याच माहितीपत्रकाचं मागचं पान. बघ… व्हर्लिन?

व्हर्लिन : दाखव.

आयडेल : अर्ज लिहून कधी तयार होता?

व्हर्लिन : ऑक्टोबरात.

आयडेल : मग इतके दिवस कुणाची वाट बघत होतास?

व्हर्लिन : कॉलेज बघायला येणाऱ्यांना अर्जाची फी माफ होती. मला रजा मिळाली ती सात डिसेंबरच्या शनिवारी. म्हटलं, आधी जाऊन येऊ, मग पाठवू.

आयडेल : किती होती फी?

व्हर्लिन : पंच्याहत्तर.

आयडेल : हजार?

व्हर्लिन : आयडेल, नुसते पंच्याहत्तर.

आयडेल : म्हणजे वर्षाचे चाळीस हजार, अशी चार वर्षं…

व्हर्लिन : गुणाकार येतो मला.

आयडेल : बरं. नाही करत.

व्हर्लिन : आपल्यातच काहीतरी कमी होतं असं वाटत असेल तिला. निकाल आल्यापासून.

आयडेल : दार वाजलं. आलीच ती. मी सांगू?

व्हर्लिन : नको. चूक माझी आहे.

मेरन : आत्या, गाडी काय आडवी लावून ठेवलीयस रस्त्यात! …काय झालं? आई ठीक आहे ना?

आयडेल : आई हॉस्पिटलात ड्यूटीवर आहे, मजेत. तुझ्या बापाला काही बोलायचंय.

व्हर्लिन : मेरन, व्हिटलोचं. तुझ्यात काही कमी नव्हतं गं. अर्ज मी…

मेरन : आठ दिवस उशिरा पाठवलास. माहितीये.

व्हर्लिन : कधीपासून?

मेरन : दहा डिसेंबर. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. मी त्यांना लिहिलं, मग फोनही केला. ती बाई फार गोड बोलली. नाही म्हणाली.

व्हर्लिन : आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?

मेरन : त्या शनिवारी कॉलेज बघून येताना तू वाटेत थांबलास, बाबा. पॅनकेक खायला. वर क्रीम. पंच्याहत्तर वाचले म्हणून. तू कधी वाटेत थांबतोस का? पुढे तीन दिवस भेटेल त्याला सांगत होतास.

व्हर्लिन : ओरडायचंस तरी माझ्यावर.

मेरन : ओरडले ना. गाडीत बसून, काचा वर करून. चांगला अर्धा तास.

आयडेल : बरं, मग आता गुरुवारी काय कळवायचं?

मेरन : मंगळवारी लायब्ररीत जाते म्हणाले, पण तिथे नव्हते मी. मैत्रिणीची गाडी मागून केस्टर्टनला गेले होते. वर्गात बसू देतात तिथे. शिकवणाऱ्या बाईंनी मलाही फळ्यापाशी उभं केलं. मी उदाहरण सोडवलं, त्यांनी अर्धं पुसून टाकलं, म्हणाल्या, पुन्हा. तास संपला तरी माझं चुकतच होतं.

आयडेल : मग? आवडलं?

मेरन : दगड कमी आहेत त्यांच्याकडे. दोन कपाटं फक्त.

व्हर्लिन : मी त्यांना दहापैकी सात दिले होते.

मेरन : आठ कर. जागा पक्की करायची रक्कम भरून आले मी. उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर काम करून पैसे मिळवले होते, त्यातून. तीनशे.

व्हर्लिन : तीनशे… ती माफ होत नव्हती का?

आयडेल : व्हर्लिन!

मेरन : मी विचारलंच नाही, बाबा.