काडीपैलवानाचं पोट

दवाखान्यात बेकरीवाला पेपरात तोंड खुपसून बसला होता. समोर भांडणाऱ्या जोडप्यातला नवरा त्याचं रोजचं गिऱ्हाईक होता.

"हातपाय नुसत्या काड्या, आणि बेंबीखाली हे गाठोडं! बाहेर काय हादडता?"

"अगं, आमच्या घराण्यातच आहे ते."

"मामंजींचं पोट तर पाठीला लागलेलं!"

"रोज पहाटे तासभर चालतो, तरी हटत नाही. म्हणून तर डॉक्टरकडे आलो."

"चालता, मग घाम कसा येत नाही?"

"थंडी असते."

"भर उन्हाळ्यात?"

तेवढ्यात बेकरीवाल्याचा नंबर लागला. तो अंग चोरून तिच्याजवळून सटकला. तिनं नाक वर करून हुंगलं.

"थांबा हो! फिरून आल्यावर ह्यांच्या सदऱ्याला अगदी हाच लोण्याचा वास येतो. डॉक्टर राहू देत, तुम्हीच सांगा, काय चारता ह्यांना?"