गडग्याआतली हॉट रॉड

गुरुप्रसाद : ऐक दादू. जगात माणसं दोनच प्रकारची. मिळेल त्या गाडीत बसणारी, आणि स्वतःच्या हातांनी यंत्रात प्राण फुंकणारी. हे तुझ्यासमोर उभं आहे ना, ते वाहन नव्हे. चार चाकांवर उभं केलेलं माझं आयुष्य आहे ते.

मालन : आयुष्याच्या टपावर माझी आमसुलं वाळतायत, त्यांच्यावर हात ठेवू नका. भावोजी, बसा तुम्ही. त्या खुर्चीत नको, तिचा पाय यांनी गिअरच्या दांड्याला लावलाय.

दादू : बसत नाय. सात वर्षांनी या खळ्यात पाय टाकला, उभ्यानंच जाईन. मालननं हाक मारली म्हणून आलो. चुलतभावानं मारली असती तर आलो नसतो. काय काम आहे?

मालन : हे सांगतील.

गुरुप्रसाद : सांगतो. आधी गाडी तर बघ.

दादू : बघतोय. टप कशानं चेपलं? फणस पडला?

गुरुप्रसाद : चेपलं नाही, कापलं. सहा इंच. मुद्दाम. याला हॉट रॉड म्हणतात. एकोणीसशे एकोणपन्नासची विलायती कुपे, दोन दारांची. अमेरिकेत बोट लागली की मी बंदराबाहेर अशा गाड्या बघत उभा राहायचो. जुनी गाडी घ्यायची, टप खाली आणायचं, इंजिन उघडं टाकायचं, धुराची नळकांडी बाहेर काढायची. तिकडे लोक फोटो काढायला रांग लावतात.

दादू : माझ्या मच्छीच्या टेंपोचं बॉनेट अकरा वर्षं उघडं होतं. धूर तर माझ्याच तोंडावर यायचा. आरटीओवाल्यानं कधी फोटो काढला नाय. पावती फाडली.

गुरुप्रसाद : कशाची तुलना कशाशी करतोयस!

दादू : आणि दारावर हे पिवळं पिवळं काय? तळलेले बोंबील?

गुरुप्रसाद : ज्वाळा आहेत त्या!

मालन : पूर्णगडचा केरू आणला होता, होड्या रंगवणारा. हे म्हणाले, आग काढ. तो म्हणाला, होडीवर आग कोण काढतो हो, अभद्र. यांनी हट्टानं काढायला लावली. त्यानं मन न लावता काढली. मागं ‘दर्याराजा प्रसन्न’ मात्र झकास लिहून गेलाय, न सांगता.

दादू : आत बसतं कोण?

मालन : मी बसले होते एकदा, मान तिरकी करून. उतरल्यावर दोन दिवस तशीच राहिली. शेजारच्या सोनूबाईला वाटलं, मी तिच्यावर रागावलेय. ती भाजी देऊन गेली.

गुरुप्रसाद : थट्टा करा. इंजिन ऐकलंत तर तोंडं बंद होतील. मच्छीमारी लाँचचं आहे, डिझेल.

दादू : म्हणजे गाडी पाण्यात बरी चालेल.

मालन : भावोजी, यांच्या भरवशावर राहिले तर संध्याकाळ होईल. मीच सांगते. अक्षय्य तृतीयेला मी खानावळ काढतेय. इथं, घरापुढच्या या खळ्यात. चार टेबलं, सोळा माणसं. उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्या, सोलकढी. लायसन आलंय. टेबलं पालीहून आली, ती पडवीत एकावर एक चढवून ठेवलीत, कारण खळ्यात हे धूड. शेवटी आमच्या लेकीनं, दिशानं मोबाईलवर जाहिरात टाकली. कोल्हापूरचे कोणी ओमकारशेठ निघालेत न्यायला. चारला पोचतील. पण न्यायची कुठून?

दादू : पाखाडीनं न्या.

मालन : बेचाळीस पायऱ्या आहेत.

दादू : लाँचचं इंजिन ना? लाटा समजून उतरेल.

मालन : उरली एक बाजू. तुमची.

दादू : माझ्या बाजूला तर गडगा आहे. अरेरे. कुणी घातला गं?

मालन : तुम्हाला ठाऊक आहे कुणी ते.

दादू : म्हातारा झालो, विसरतो. सांग.

मालन : यांनी. तुमची वासरं येऊन गाडीच्या रंगाला पाठ घासायची म्हणून.

दादू : नुसते चिरे रचले?

मालन : सिमेंटात बसवले. वर फुटक्या बाटल्या लावल्या.

दादू : आणि त्याच्याआधी?

मालन : सरकारी मोजणी आणली.

दादू : मोजणीत काय निघालं?

गुरुप्रसाद : त्या विषयाचा इथं काही संबंध नाही.

दादू : निघालं ते असं, की ज्या वाटेनं ही गाडी टेंपोवरून आत आली, ती वाट माझ्या नावावर. तरी मी बोललो नाय. म्हटलं, बघू या काय करतो. तर हा आत, गाडी आत, आणि आतूनच पठ्ठ्या चिरे लावतोय! मी माझ्या ओटीवर बसून दोन दिवस बघत होतो. मधे एकदा पाणीपण दिलं गवंड्याला. बावीस वर्षं जहाजावर इंजिन सांभाळलं म्हणे. बाहेर कुठून पडायचं ते कॅप्टन बघत असणार.

गुरुप्रसाद : तेव्हा मला विकायची नव्हती!

दादू : चालवायची तरी होती ना?

मालन : याचं उत्तर मीपण सात वर्षं मागतेय.

गुरुप्रसाद : गडगा मी पाडीन. माझा आहे, माझ्या खर्चानं पाडीन. तासाभराचं काम.

दादू : पाड की. गडगा तुझा. पलीकडची जमीन माझी. तिच्यावरनं जायचं तर विचारावं लागतं.

गुरुप्रसाद : मालननं विचारलं ना आत्ता.

दादू : मालनला मी नाय म्हटलेलं नाय. ती उद्या रणगाडा घेऊन जाऊ दे. गाडी तुझी आहे. तुझ्या तोंडून येऊ दे. ‘दादू, वाट दे.’ तीन शब्द. जास्त नको.

गुरुप्रसाद : हे बघ, व्यापक दृष्टीनं विचार केला तर जमीन ही शेवटी कुणाचीच नसते...

मालन : हे मोजणीवाल्याला सांगायचं होतंत. त्याचं जेवण वाचलं असतं.

गुरुप्रसाद : तसं नव्हे. सध्याची परिस्थिती लक्षात घेता उभय पक्षांनी...

दादू : नोटीस नको. तीन शब्द.

गुरुप्रसाद : लहानपणी आपण एका ताटात जेवलो, दादू.

दादू : जेवलो. तळलेला तुकडा तू घ्यायचास, काटे मी. तीन शब्द.

मालन : अहो, साडेतीन वाजले. तुमच्या तीन शब्दांपायी माझी सोळा ताटं अडलीत. पोर्ट्‌समथ, सिंगापूर, सगळीकडे बोललात. इथं जीभ का जड होते?

गुरुप्रसाद : बोलतो. बोलतोय ना. दादू...

दादू : एक झाला.

गुरुप्रसाद : थांब, फोन वाजतोय. ओमकारशेठ! बोला, बोला! कुठवर आलात? पालीला? चहा घ्या, सावकाश या. ... हो, काल पाठवलेले फोटो आमच्याच गाडीचे. ... हो, टप मीच कापलं, स्वतः. ... इंजिन? तेही मीच बदललं. ... गिअरबॉक्सही. ... सीटा तर नवीनच. ... नाही, मूळचं असं... पुढचे दिवे. दोन्ही दिवे मूळचे आहेत, त्यांना हात लावला नाही. ... काय म्हणालात? ... नाही, ऐकू आलं. ... बरं. ... बरं. ठेवतो.

मालन : काय म्हणाले?

गुरुप्रसाद : त्यांच्याकडे असलीच एक कुपे आहे. न कापलेली.

मालन : मग?

गुरुप्रसाद : तिचे पुढचे दिवे फुटलेत.

मालन : आणि ट्रेलर?

गुरुप्रसाद : आणलेला नाही. मोटारसायकलवर आलेत. पिशवी आहे म्हणाले. दिवे तेवढे काढून पाखाडीखाली आणून द्या. गुडघे दुखतात, वर चढणार नाहीत.

मालन : म्हणजे सबंध गाडीत जी एक वस्तू तुम्ही सुधारली नाहीत, तिलाच तेवढं गिऱ्हाईक आलं.

दादू : मालन, तुझी टेबलं माझ्या अंगणात मांड. कोकमाची सावली आहे. गिऱ्हाइकांची मोटारपण थेट दारात येईल, पायऱ्या नकोत.

मालन : तुम्हाला त्रास.

दादू : कसला त्रास? समोर बघायला हॉट रॉड आहे. तिकीट लावू. बरं, निघतो मी. वाट आता कुणाला नको असेल.

(गुरुप्रसाद गाडीपुढं उकिडवा बसून एका दिव्याची काच सदऱ्याच्या टोकानं पुसतो.)

गुरुप्रसाद : दादू.

दादू : आता काय?

गुरुप्रसाद : दहा नंबरचा पाना आहे का तुझ्याकडे?