शेनिन ब्लांचा नैवेद्य
सांगते काय, आमच्या पनवेलच्या घरी एक नियम आहे: नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही.

परवा पूजेसाठी मी नाशिकहून, मी नोकरी करते त्या मळ्यातून, शेनिन ब्लां जातीची द्राक्षं आणली. काकांनी विचारलं, "ही कसली गं?"

"फसफसणाऱ्या वाइनची. त्यासाठी आंबट असतानाच तोडतात."

"देवाला दारू? आजच्या आज नोकरी सोड!"

मी हबकलेच. आई कुजबुजली, "हो म्हण बाई."

काका तणतणले, "तरीच मघाशी एवढी आंबट लागली!"

"मघाशी? नैवेद्य तर अजून दाखवलाच नाही, काका! नोकरी मी सोडणार नाही."

काकांनी मग आरतीलाही तोंड उघडलं नाही.