गुरुजी मागे बसतात

मी, सीताराम धनसिंग राठोड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शाळेत न जाता मी वाचावयास शिकलो. म्हणून ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यातील सुनांना शिकविण्याचे काम आपण होऊन पत्करले. चहा घ्या, सांगतो.

पहिल्या दिवसापासून मला स्वस्थता नव्हती. मी फळ्यापाशी उभा राही आणि साऱ्या जणी पदर ओढून भिंतीकडे वळून बसत. मी येरझारा घातल्या, आवाज चढविला. त्या अधिकच वळल्या. अखेर शांताबाई उठून निघाली. नागपूरला शिकणाऱ्या लेकीचे मोबाइलवरचे निरोप स्वतः वाचता यावेत, एवढ्यासाठी ती येत असे.

“शांताबाई, शिकावयाचे नाही काय?”

ती भिंतीलाच बोलली, “शिकाचं हाय ना, मामाजी. पण फळा दिसून नाही राह्यला.”

“फळ्याकडे पाठ केल्यावर दिसेल कसा?”

“फळ्याकडे कोण पाठ करून राह्यलं? तुमी आमचे सासरे लागता. तुमी तिथंच उभे, त तिकडं तोंड कसं करू?”

एक जण खुसखुसली, “मामाजीले मांगं बसवा ना!”

शिक्षकाने मागे बसावे, असे मी कोठेही वाचले नव्हते. परंतु शांताबाईचे एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडले होते. मी खडू खाली ठेवला आणि तडक मागच्या भिंतीशी जाऊन बसलो. सगळ्यांचे पदर सरले आणि माना फळ्याकडे वळल्या.

आता मी मागून सांगतो आणि त्या फळ्यावर लिहितात. शांताबाई लेकीचे निरोप स्वतः वाचते.