गुळाचा पाक आन् अमरावतीचे पाहुणे

"काही दुखत नाही," असं कोणी म्हणलं का मले आमची अकोटची मावशी आठवते, बायांनो. अमरावतीचे वकिलाघरचे लोक मले पाहाले येणार होते आन् माझ्या पायावर लव जास्त. मावशी म्हणे, "गुळाचा पाक लावू, वरून फडकं दाबू आन् ओढू. मुंगी चावल्यासारखं वाटते."

मावशीचा हात चिक्कीचा. पाक गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फडक्यासकट दगडासारखा बसला. तिनं ओढून पाहिलं. जीव निघाला, फडकं नाही निघालं.

तेवढ्यात पाहुणे दारात. रीतीप्रमाणं मुलाची आई म्हणे, "पोरी, चालून दाखव."

मी चालली, एक पाय ताठ ठेवून. मावशी आढ्याकडे पाहून राहिली.

"लंगडी हाये काय?" म्हणत त्या बाईनं मले आत नेलं, लुगडं वर केलं आन् फडकं खसकन ओढलं. मावशीनं मायेनं ओढलं होतं, हिनं सासूवानी ओढलं. माझी किंकाळी मोर्णा नदीच्या पार गेली.

बाहेर येऊन ती शांतपणे म्हणे, "पाय धड हायेत. आवाजबी खणखणीत हाये. सोयरीक पक्की."